सव्वा युनिट

चार हजार टनांची दहामजली पोलादी इमारत घ्या. भूकंप तिच्यात किती ऊर्जा ओततो, याचा हिशेब जॉर्ज हाउसनर यांनी 1956 मध्ये मांडला: वस्तुमानाचं निम्मं गुणिले वेगाचा वर्ग. तिथली जमीन आणि इमारतीचा डुलण्याचा काळ पाहून हा वेग सेकंदाला दीड मीटर धरला, तर उत्तर येतं साडेचार मेगाज्यूल. म्हणजे सव्वा युनिट वीज. दोन किलोवॉटचा गीझर तिच्यावर पाऊण तासही चालायचा नाही. उलट एक घनमीटर साधं पोलाद, जेमतेम आठ टन, एकदाच दोन टक्के ताणलं तरी पाच मेगाज्यूल गिळतं. आणि या इमारतीत पोलाद असतं शेकडो टन. मग सांगाडे मोडतात कशानं?

मोडतात ते वाटणीनं. जपानच्या हिरोशी अकियामा यांचं म्हणणं असं, की एकूण ऊर्जा मुख्यतः वस्तुमानावर आणि डुलण्याच्या काळावर ठरते, इमारत किती भक्कम आहे यावर फारशी नाही. मजल्यामजल्यांतली वाटणी मात्र कमालीची हळवी असते. एखादा मजला शेजाऱ्यांपेक्षा थोडा दुबळा राहिला, की बहुतेक भार त्याच्याच माथी येतो. म्हणून माझ्या मते बेरीज ढोबळ धरली तरी चालते, डोकं लावायचं ते वाटणीवर.

यावर पहिला आक्षेप असा, की आयएस 1893 या भारतीय भूकंप-मानकात लवचीक चौकटींसाठी भूकंपाचं बल पाचानं भागतातच, वेगळा हिशेब कशाला? पण त्या पाचात हादरे किती वेळ चालले, हे कुठेच येत नाही. 1985 साली मेक्सिको सिटीच्या जुन्या तळ्याच्या गाळावर जमीन साधारण दोन सेकंदांच्या लयीत बराच वेळ हलत राहिली, आणि पिनो सुआरेझ संकुलातला एकवीस मजली पोलादी मनोरा कोसळला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 1994 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिज भूकंपात बीमच्या खालच्या फ्लँजचं कॉलमशी केलेलं वेल्डिंग तडकलं. बॅकिंग पट्टी तशीच सोडलेली, वेल्डचा धातू ठिसूळ. इमारती उभ्या राहिल्या, पण ज्या बीमनं वाकून ऊर्जा पचवायची त्याच्या आधी जोडच फुटला. ठिसूळ जोड ऊर्जा साठायची वाट पाहत नाही, हे मान्यच. म्हणजे जोड आधी सुधारायला हवा, हिशेब त्यानंतर. जपाननं 2005 साली ऊर्जेची पद्धत नियमांत आणली. ऊर्जा पचवण्यासाठी तिथे चौकटीत जे खास तिरके ब्रेस बसवतात, त्यांत पोलादी गाभ्याला बाहेरच्या नळीचा आधार असतो, त्यामुळे तो दाबाखाली बाकत नाही. किती ऊर्जा पचवेल हे प्रयोगशाळेत आधी मोजता येतं, आणि भूकंपानंतर तेवढाच ब्रेस बदलता येतो.