मुलांच्या कोपऱ्यातलं ओ. के.

न्यूयॉर्क शहरातून हडसन नदीच्या काठाकाठानं उत्तरेला निघालं, की साधारण दोनशे किलोमीटरवर किंडरहुक नावाचं गाव लागतं. भोवती सफरचंदांच्या बागा, मधे छोटासा चौक. गाव वसवलं डच लोकांनी. त्यांच्या भाषेत या नावाचा अर्थ होतो ‘मुलांचा कोपरा’! पण दोस्तांनो, गावाची खरी गंमत पुढेच आहे. दिवसातून दहादा तुम्ही ‘ओ. के.’ म्हणता ना? ते आज तुमच्या तोंडी आहे, त्यात या गावाचा मोठा वाटा आहे.

ओ. के. पहिल्यांदा छापलं गेलं मात्र बोस्टनमध्ये. तिथल्या वर्तमानपत्रवाल्यांना तेव्हा एक खूळ लागलं होतं. शब्दांऐवजी नुसती आद्याक्षरं लिहायची, आणि तीही मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची! ‘नो गो’ म्हणजे ‘जमायचं नाही’. त्याचं ते करत ‘के. जी.’. २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ‘ऑल करेक्ट’चं असंच ‘ओ. के.’ झालं. नियमानं व्हायला हवं होतं ‘ए. सी.’! ‘सगळं बरोबर’ हेच चुकीचं लिहायचं, हा त्यातला विनोद. आपण ‘शुद्धलेखन’ हा शब्द ‘शुध्दलेखण’ असा लिहावा, तसंच. (परीक्षेत मात्र नको हं!)

असली बरीचशी आद्याक्षरं लवकरच विरून गेली. ओ. के. तरलं ते किंडरहुकच्या एका माणसामुळे. मार्टिन व्हॅन ब्युरेन १७८२ साली इथे जन्मले. घरात डच बोलत, इंग्रजी नंतर शिकले, आणि १८३७ मध्ये थेट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले! १८४० मध्ये ते पुन्हा निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा पाठीराखे त्यांना प्रेमानं ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणू लागले. त्याची आद्याक्षरं काय? ओ. के.! लगेच न्यूयॉर्कमध्ये ‘ओ. के. क्लब’ निघाला.

विरोधक गप्प बसतात होय? १८३७ पासून मंदी होती, बँका बुडालेल्या, हातांना काम नव्हतं. त्यांनी ओ. के. चा अर्थ लावला ‘आउट ऑफ कॅश’, खिसा रिकामा! ‘कॅश’चं स्पेलिंग अर्थात ‘के’नं. शिवाय आवई उठवली, की आधीचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसे, म्हणून तेच कागदांवर ‘ओ. के.’ लिहीत. ही थाप लोकांनी शंभर वर्षं खरी मानली. शेवटी कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक अ‍ॅलन वॉकर रीड यांनी जुन्या वर्तमानपत्रांचे ढीग उपसले आणि १९६३-६४ मध्ये लेख लिहून शब्दाची खरी जन्मकथा मांडली. एका दोन अक्षरी शब्दासाठी केवढी ही चिकाटी!

पुढे तारायंत्र आलं. संदेश नीट पोचला हे कळवायला तारबाबूंना एवढासा शब्द फार सोयीचा पडला.

आणि व्हॅन ब्युरेन? ते पडले. विल्यम हेन्री हॅरिसन यांना २३४ मतं, यांना अवघी ६०. मग ते गावाजवळच्या ‘लिंडनवाल्ड’ या घरी परतले आणि शेती पाहू लागले. ते घर आज सरकारनं जपलं आहे. मधल्या दालनाच्या भिंतींवर शिकारीच्या चित्रांचा फ्रेंच कागद आहे. १८४८ मध्ये त्यांनी नव्या पक्षातर्फे पुन्हा एकदा निवडणूक लढवली, पुन्हा हरले. १८६२ मध्ये याच घरी ते वारले. त्यांची कबर किंडरहुकमध्येच आहे.