दुसरा ‘इज’

तीस वर्षे मी शाळेत इंग्रजी शिकवले. फळ्यावर ‘द ट्रूथ इज दॅट’ लिहायचे आणि मुलांना बजावायचे, “‘इज’ एकदाच! एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.” मी निवृत्त झालो, मनातली लाल पेन्सिल मात्र झाली नाही.

परवा लंडनहून नातीचा फोन आला. “आजोबा, द थिंग इज, इज दॅट...” ती अडखळली आणि माझी पेन्सिल सरसावली. तिकडेच जन्मलेली पोर, आणि ही चूक!

पण ही लकब तिच्या एकटीची नव्हे. अमेरिकन भाषापंडित ड्वाइट बोलिंजर यांनी 1987 मध्ये या दुहेरी ‘इज’वर लेखच लिहिला होता. ‘द थिंग इज’ हे तीन शब्द जिभेवर घोटून घोटून एकच होऊन बसतात. मग क्रियापद राहिलेसे वाटते आणि दुसरा ‘इज’ येतो. आपण ‘तो येत नाही, हे खरे’ असे आधी बातमी सांगूनही मोकळे होतो. इंग्रज मात्र ‘ट्रूथ’ नाहीतर ‘थिंग’ पुढे धाडतो आणि बातमी ‘दॅट’च्या पदराआडून आणतो.

नातीचे वाक्य अखेर पुरे झाले. यंदा दिवाळीला त्यांचे येणे होत नाही.

तेव्हा उमगले, तो दुसरा ‘इज’ म्हणजे म्हाताऱ्याला दुखवण्यापूर्वी पोरीने घेतलेला श्वास होता.

मी दुरुस्ती केली नाही. एवढेच म्हणालो, “गोष्ट अशी आहे... आहे, की करंज्या पोस्टाने धाडतो.”