मागचें एंजिन

वाफेच्या एंजिनांतील आवडतें कोणतें, असें विचारल्यास सहलीचे शोकी बहुधा माथेरानच्या चिमुकल्या एंजिनाचें नांव घेतील. आमची आवड निराळी आहे. बोरघाटांत गाडीच्या पाठीशीं लागणारें एंजिन आम्हांस अधिक प्रिय.

हा घाट १८६३ सालीं आगगाडीस खुला झाला. त्याचा चढ ३७ फुटांस १ फूट. तेथें एकट्या पुढच्या एंजिनाचें बळ पुरेना. शिवाय सारा भार पुढच्या सांखळीवर पडून ती तुटली, तर डबे उतारावर मागें धांवावयाचे! मागचें एंजिन तो ताण वांटून घेई आणि निसटत्या डब्यांस आधारही देई. घाटमाथा आला कीं त्याचें काम सरे. मंडळी मावळचे हिरवे डोंगर पाहात पुढें जात. तें मात्र पुढच्या गाडीसाठीं पुन्हां खालीं उतरे.

१९२९ सालीं येथें वीज आली, १९३० सालीं ‘दख्खनची राणी’ धांवूं लागली. वाफ गेली, पण ढकलणाऱ्याची गरज सरली नाहीं. आजही कर्जतेस गाडीमागें विजेचीं एंजिनें जोडतात.

आयुष्य अध्यापनांत गेलेल्या आम्हांस या एंजिनाचा जिव्हाळा कां, हें वाचकांनीं ताडलेंच असेल. मुलें वर जातात, मागें पाहात नाहींत. चढावर दृष्टि पुढेंच असावी, याबद्दल आमची तक्रार नाहीं. मात्र लोणावळ्यास उतरल्यावर, चिक्कीच्या दुकानाकडे वळण्यापूर्वीं, गाडीच्या शेंपटापर्यंत एकदां चालून जाण्यास हरकत नसावी.