हळदीची साक्ष

बोट कापले की आमच्या मातोश्री चिमूटभर हळद दाबून बसवीत. त्यास कोणाची अनुज्ञा लागत नसे. सन १९९५ मध्ये मात्र जखमेवर हळद वापरण्याचा मक्ता, म्हणजे पेटंट, अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाला. त्या उपयोगासाठी तेथे हळद विकू पाहणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यास त्यांचीच परवानगी! डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतली आणि १९९७ साली पेटंट रद्द झाले. पण साक्ष दिली ती संस्कृत ग्रंथांनी व छापील लेखांनी. परदेशातील नुसती वहिवाट तेथील तेव्हाचा कायदा पुरावा मानीत नसे. जन्म संस्कृत शिकविण्यात घालविलेल्या आम्हांस प्रथम धन्यता वाटली. मग मातोश्री बाळंतिणीसाठी करीत तो काढा आठवला. तो त्यांनी कोठे लिहून ठेविला नाही; आणि त्यात काय काय पडे, हे आम्ही त्यांना कधी विचारलेच नाही.