परसांतला शुकतरु

वाईस कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर आमचें घर आहे. मागल्या पडवीच्या आढ्याला नऊ वर्षें एक पिंजरा टांगलेला असे. माझ्या कुटुंबानें वाढविलेला राघू तिच्या पश्चात् माझा एकमेव सोबती उरला होता. पुढें नातीनें शाळेंतून येऊन सांगितलें कीं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें देशी पोपट पाळण्यास मनाई आहे. जन्मभर मुलांना नियम शिकविणाऱ्या मला तो ठाऊक नसावा, याची लाज वाटली. राघू वनखात्याच्या स्वाधीन केला. रिकामा पिंजरा मात्र टाकवेना.

मग परस नव्यानें लावावयास घेतला. ज्या पेरूवर आणि मिरचीवर राघू वाढला, तीं दोन्हीं मूळचीं अमेरिका खंडांतलीं. आपल्या भूमीवरील त्याचें झाड कोणतें, म्हणून ग्रंथ चाळले. सोळाव्या शतकांतल्या भावप्रकाशांत शिरीषाला ‘शुकतरु’ व ‘शुकप्रिय’ अशीं नांवें आढळलीं. तोच लावला; जोडीला जांभूळ, उंबर आणि कुंपणाशीं पांगारा.

आज शिरीष कौलांच्या वर गेला आहे. त्याच्या शेंगा वाळून खुळखुळूं लागल्या कीं हिरवा थवा उतरतो. त्यांतला कोणीहि माझ्याशीं बोलत नाहीं. आमचा राघू त्यांत असेल, अशी खोटी आशा मी धरीत नाहीं. पण तो ज्यांचा होता, त्यांस हा परस मोकळा आहे. वाचकांपैकीं कोणाच्या पडवींत अजून पिंजरा असेल, तर त्यांनीं अंगणांत शिरीषाचें एक रोप अवश्य लावावें.