रिलेच्या पलीकडची तार

रिले हा शब्द शेतकऱ्याला नवा नाही. विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. मोटारीनं जादा करंट ओढला की तो ट्रिप होतो आणि आपण चिखल तुडवत पेटी उघडायला जातो. त्याच पेटीत एक कॉइल असते. हिरवं बटण दाबलं की कॉइलमध्ये वीज खेळते, तिचं लोहचुंबक होतं, ते पट्टी ओढून घेतं आणि मोटारीचे कॉन्टॅक्ट जुळतात. थोड्या विजेनं मोठी वीज चालू करायची, एवढीच सगळी करामत. शाळेत खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून आम्ही टाचण्या उचलल्या होत्या. पण दहावीपर्यंत जे नुसतं पाठ होतं, ते स्टार्टरपुढं उकिडवं बसल्यावर कळलं.

गोठ्याला आपोआप लागणारा दिवा हवा होता तो बिबट्यामुळं. आमचा जुन्नरचा भाग. कुकडीचं पाणी आलं, ऊस आला आणि उसात बिबट्या राहायला आला. मादी उसातच विते, पिल्लं तिथंच वाढतात, तोडणीला टोळी आली की सरीत बछडी सापडतात. जवळच माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, तरी उसातले उसातच. गोठा जाळीनं बंदिस्त करणं हा खरा उपाय, तो मी आधी केला. दिव्यानं बिबट्या पळतो असं मी म्हणत नाही. उजेडाची सवय त्यालाही होते. पण रात्री म्हैस फुरफुरली की दार उघडून अंधारात पाय टाकायचा, हे काही खरं नाही. दार उघडायच्या आधी खिडकीतून अंगण दिसलं पाहिजे.

दुकानातून दोन वस्तू आणल्या, दोन्ही मिळून दोनशेच्या आत. एक हालचाल ओळखणारा सेन्सर, त्याला पीआयआर म्हणतात. वर पांढरी घुमटी, अर्ध्या लिंबाएवढी. दुसरा रिले, निळ्या डबीचा, बारा व्होल्टचा. दुकानातल्या पोरानं विचारलं, "हाय ट्रिगर का लो ट्रिगर?" प्रश्न बरोबर होता. हा सेन्सर हालचाल दिसली की साधारण तीन व्होल्टचा इशारा देतो. लो ट्रिगरचा रिले घेतला तर कारभार उलटा होतो. कोणी नसताना दिवा चालू आणि कोणी आलं की बंद. आपल्याला हाय पाहिजे.

जोडणी अवघड नाही. सेन्सरला तीन पाय: एक प्लस, एक मायनस आणि मधला इशाऱ्याचा. घुमटी हलक्या हातानं उचलली की खाली नावं छापलेली दिसतात. फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी सेन्सरला आणि रिलेला, दोघांना चालते. मधला पाय रिलेच्या 'इन'ला. रिलेच्या दुसऱ्या अंगाला तीन स्क्रू. मधल्या 'कॉम'ला बॅटरीची प्लस तार, फ्यूज घालून. 'एनओ' मधून निघालेली तार बल्बाला, बल्बाची दुसरी तार मायनसला. 'एनसी' मोकळा सोडायचा. बल्ब नऊ वॅटचा, तोही बारा व्होल्टचाच. सगळं बॅटरीवर असल्यानं लाइट गेली तरी अडत नाही, आणि दिवा मिनिट-दोन मिनिटंच लागत असल्यानं बॅटरी पुष्कळ पुरते. वेळ कमी-जास्त करायला सेन्सरवरच बारका स्क्रू आहे, काही सेकंदांपासून पाचेक मिनिटांपर्यंत. बॅटरी जोडल्यावर पहिलं मिनिटभर मात्र तो थाऱ्यावर नसतो, उगाच दिवा लावतो. तेवढं त्याला बसू द्यायचं.

हे यंत्र बघतं म्हणजे उष्णता बघतं. अंगाची ऊब त्याच्या समोरून सरकली की त्याला कळतं. सरळ अंगावर चालून येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं त्याला लवकर दिसतं. म्हणून मी तो वाटेकडं तोंड करून न लावता वाटेच्या बाजूला, वळचणीखाली छातीच्या वर ठोकला. पल्ला सहा-सात मीटरचा. पण गाईनं शेपूट हलवली तरी दिवा! मग घुमटीच्या गोठ्याकडच्या अंगाला काळी चिकटपट्टी लावली, टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात तशी. आता त्याला फक्त वाट दिसते.

हे सगळं चाललेलं असताना पुतण्या शेजारी बसून बघत होता. त्याच्या भुईमुगात डुकरं येतात. एका रात्रीत सरीच्या सरी उकरून टाकतात, त्याचा राग मला समजतो. तो म्हणाला, "तात्या, बल्बाच्या जागी तार जोडली तर? डुकरं आली की करंट, गेली की बंद. कुणाला कळायचंबी नाही."

निळ्या डबीवर दहा अँपिअर, अडीचशे व्होल्ट छापलेलं असतं. म्हणजे डबीची ना नव्हती. मी म्हणालो, "आरं, ह्याला डुकराची ऊब आन माणसाची ऊब एकच."

"रातच्याला तिकडं कोण येतंय?"

कोण येतंय! शेतीची लाइट काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की निम्मं गाव बांधावर असतं. कुंपणात वीज सोडणं गुन्हा आहे, आणि अशा तारेला चिकटून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. बऱ्याचदा गेलेला शेजारचाच असतो, कधी तर घरातलाच. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो "व्हय" म्हणाला, पण त्या "व्हय"मध्ये जीव नव्हता.

चार-पाच रात्रींनी दोनच्या सुमाराला अंगण उजळलं. मी खिडकीपाशी गेलो. वाटेवर पुतण्या उभा, गुडघ्यापर्यंत ओला, खांद्यावर खोरं, डोळ्यांवर हात. दारं धरून आमच्या बांधावरून आडवा घरी चालला होता, रोज जातो तसाच.

"तात्या, मीच हाय," तो ओरडला.

मी काही बोललो नाही. तो मान वर करून त्या पांढऱ्या घुमटीकडं बराच वेळ बघत राहिला. हलला नाही तसा दिवा विझला. मग अंधारात त्याची पावलं ऐकू आली आणि पुन्हा उजेड पडला.

भुईमुगाला त्यानं सौर झटका मशीन घेतलं, थांबून थांबून ठोका देणारं. आणि आपल्या गोठ्यासाठी एक सेन्सर आणला. त्याच्या गोठ्याचा पश्चिमेचा पत्रा दुपारभर तापतो, म्हणून आम्ही उत्तरेचा खांब धरला. त्याला एवढंच सांगून ठेवलंय, की एप्रिल-मेमध्ये हवाच अंगाएवढी तापली की ह्याला नीट दिसत नाही. तेव्हा संध्याकाळीच जाळीची कडी बघायची आणि कुत्रं आत घ्यायचं.