टर्की, थर्मामीटर आणि आपल्या पंगती

मंडळी, आजचा विषय निघतो लांबून, पण पोहोचतो थेट आपल्याच मांडवात. शाकाहारी मित्रांनी थोडं सांभाळून घ्या.

अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग. घरोघरी टर्की. पाच-सहा किलोचा अख्खा पक्षी ओव्हनमध्ये जातो आणि बहुतेक घरांत कोरडाठाक होऊन बाहेर येतो. माझी भाची न्यू जर्सीत असते, नोकरी करते. ती म्हणते, "मामा, दरवर्षी कुणाकडे तरी खाते, आणि दरवर्षी घासागणिक पाणी प्यावं लागतं." यंदा तिच्याचकडे जेवण होतं, आठ माणसांचं. नेहमीच्या पद्धतीने १६३ अंश सेल्सिअसवर एवढ्या टर्कीला तीन-साडेतीन तास लागतात. तोवर ओव्हन अडलेला, आणि ओव्हनजवळचं माणूसही. ते माणूस कोण असतं, हे सांगायला नको. सण अमेरिकेतला असो की आपला.

कोरडं का होतं, याचं कारण साधं आहे. छातीचं मांस चरबी नसलेलं, ते लवकर शिजतं. तंगडीत चिवट धागे जास्त, ती मऊ व्हायला जास्त उष्णता लागते. अख्ख्या पक्ष्यात छाती वर, उघडी. तंगड्या खाली दुमडलेल्या. तंगडी शिजेपर्यंत छातीचा भुसा झालेला असतो. (आपल्या रश्श्यातही छातीचा पीस ताटात शेवटपर्यंत उरतो आणि तंगडीवरून भांडणं होतात, ते उगाच नाही.)

भाचीने केलं ते असं. टर्की तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवून वितळवली. मग जाड कात्रीने पाठीचा कणा कापून काढला, पक्षी उलटा केला आणि छातीच्या हाडावर दोन्ही तळव्यांनी दाबला. कट्‌कन आवाज, आणि पक्षी पुस्तकासारखा सपाट. तंगड्या बाहेरच्या बाजूला आल्या, जाडी जवळपास सारखी झाली. मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये, न झाकता. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग ते खारं पाणी पुन्हा मांसात मुरतं आणि शिजताना टिकून राहतं. दुसऱ्या दिवशी २३० अंशावर साधारण दीड तास. काढल्यावर वीस-पंचवीस मिनिटं तसंच ठेवायचं, लगेच कापलं तर रस ताटात वाहून जातो. कण्याचा रस्सा झाला. आपण कोंबडीचे तुकडे करूनच शिजवतो, म्हणजे अर्धी युक्ती आपल्याला आधीपासून येते म्हणा!

पण मला युक्तीपेक्षा जास्त आवडला तो आकडा. ७४ अंश. मांसाच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लावता, थर्मामीटर खुपसायचा. ७४ दिसले की पक्षी खायला सुरक्षित. हा आकडा तिथल्या कृषी खात्याचा. याच खात्याची मांस-कोंबडीसाठी फोन-सेवा १९८५ पासून आहे. बाई विचारतात, "आतून गुलाबी दिसतंय, खाऊ का?" आणि सरकारी माणूस उत्तर देतो. रंगावर जाऊ नका, तापमान बघा. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात, हेही तेच खातं सांगतं. आपण तर तीन पाण्यांनी धुतो आणि त्याच ओट्यावर कोशिंबीर चिरतो.

वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या देतोय. लग्नसराई आली की विषबाधेची बातमी येतेच. मजकूर तोच, गावाचं नाव तेवढं बदलायचं. नमुने तपासणीला पाठवले, एवढ्यावर बातमी संपते. पाचशे पानांचं जेवण आचारी बोटाने दाबून आणि वासावरून ओळखतो. त्याचा हात मुरलेला आहे, त्याबद्दल शंका नाही. पण सकाळी शिजवलेलं दुपारच्या उन्हात चार तास पातेल्यात राहिलं, तर हात काय करणार? अन्नात खुपसायचा थर्मामीटर काहीशे रुपयांना मिळतो. मांडवाच्या झालरीला त्याच्या कितीतरी पट जातात.

या सीझनला लग्नाचं जेवण ठरवताना मेनूबरोबर आचाऱ्याला दोन गोष्टी विचारा. थर्मामीटर आहे का, आणि शिजल्यापासून वाढेपर्यंत किती वेळ जाणार. काय उत्तर मिळालं ते मला कळवा, गावाच्या नावासकट. आचाऱ्याचं नाव छापणार नाही.